काशाची थाळी

तनू आमच्या घरी आली तेव्हा तिच्या हातात एक कापडी पिशवी होती. पिशवीच्या बंदांना गाठ मारलेली होती आणि ती गाठ तिने पुढचे दहा महिने सुटू दिली नाही. आज हे लिहितो आहे तेव्हा तीच पिशवी स्वयंपाकघरात खुंटीला लटकते आहे आणि तिच्यात बाजारातून आणलेली वांगी आहेत. या दोन गोष्टींच्या मधे जे घडलं ते मला सांगायचं आहे.

तनू हे तिचं खरं नाव नाही. ती माझी भाची, माझ्या धाकट्या बहिणीची, लताची मुलगी. आली तेव्हा सात वर्षांची होती. मी सडक अर्जुनीला सेतू केंद्र चालवतो, लोकांचे दाखले काढून देतो, अर्ज भरून देतो. घरी माझी आई, बायको वंदना आणि दहा वर्षांची मुलगी गौरी. मी डॉक्टर नाही. पण आमच्यासारख्या कुणाच्या घरी असं लेकरू आलं असेल तर त्यांनी हे वाचावं असं वाटतं, कारण आम्ही जी चूक केली ती आमच्या भागातलं कुठलंही चांगलं घर करील. चांगलं आहे म्हणूनच करील.

पाय

आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो. भाची रांगती असो की नातवंडांची आजी, ती दारात आली की मामा-मामीने वाकायचं. तिला आपल्या पाया पडू द्यायचं नाही. तिच्यावर हात उचलायचा नाही, तिला उष्टं द्यायचं नाही, काम सांगायचं नाही. आईने हे मला इतक्या लहानपणी शिकवलं की ते कुणी शिकवलेलं आहे हेच मी विसरलो होतो.

दिवाळी झाल्यावर तनूचे वडील तिला मोटरसायकलवर घेऊन आले. लताला जाऊन तीन वर्षं झाली होती आणि त्यांनी नुकतंच दुसरं लग्न केलं होतं. त्यांनी चहा घेतला, "भाऊ, काही दिवस राहू द्या पोरीले" म्हणाले आणि निघून गेले. त्या तीन वर्षांत तनू चार घरं राहून आली होती: आत्याकडे, मग चुलत आजोबांकडे, मग वीटभट्टीवरच्या एका बाईकडे, मग परत वडिलांकडे. त्या घरांत तिच्याशी काय काय झालं ते मी इथे लिहिणार नाही. ती गोष्ट तिची आहे. मोठी झाल्यावर तिला सांगावीशी वाटली तर ती सांगेल.

आईने परातीत पाणी आणलं. मी तनूचे पाय धुवायला खाली बसलो तशी ती भिंतीला चिकटली आणि तिने पाय मागे ओढून घेतले.

"लाजते पोट्टी," आई हसली.

मी पाय धरून धुतलेच. तिने विरोध केला नाही. पाय फक्त लाकडासारखे झाले. मी डोकं टेकवलं, वंदनाने टेकवलं. आम्हाला सगळ्यांना लताच्या आठवणीने भरून आलं. पोरीला कसं वाटतं आहे हे कुणीच विचारलं नाही.

मग काशाची थाळी निघाली. ती फक्त मानाच्या पाहुण्यांना काढतात. तनू त्या थाळीत सगळ्यांच्या आधी जेवू लागली. एकटी, पाटावर.

मुंग्या

पंधरा दिवसांनी गादीखालून मुंग्यांची रांग निघाली. उशीच्या खोळीत भात होता, अर्धी पोळी होती, गूळ होता. वंदनाने सगळं झाडून टाकलं. दुसऱ्या दिवशी तेवढंच पुन्हा होतं. पोट भरलं तरी तनू खात राहायची आणि मग ओकायची. हातात पेन्सिल धरून "माह्याजवळ पेन्सिल नाही" म्हणायची. खोटं बोलून तिला काही मिळत नव्हतं, तरी बोलायची.

एकदा तिने गौरीचा कंपास दगडाने चेपला आणि पळून न जाता आमच्याकडे बघत उभी राहिली. जणू कशाची तरी वाट पाहत होती.

"भाशी आहे, राहू दे," आई म्हणाली.

"मी चेपला असता तं?" गौरीने विचारलं.

दोन गोष्टींनी मी खरा घाबरलो. पहिली, तव्याला लागून तिचा हात भाजला आणि तिने तो दोन दिवस फ्रॉकच्या खिशात लपवून ठेवला. रडली नाही. फोड फुटून कपड्याला चिकटला तेव्हा कळलं. दुसरी गोष्ट हायवेवरची. मी चहाच्या टपरीवर उभा होतो. मागे वळून पाहिलं तर तनू एका अनोळखी ट्रकवाल्याचं बोट धरून उभी. तो बिचारा सज्जन होता. "भाईसाब, ये बच्ची बोल रही है मुझे ले चलो," तो म्हणाला. तनूच्या चेहऱ्यावर भीती नव्हती आणि माझी ओळखही नव्हती. तिच्या लेखी तो आणि मी सारखेच होतो.

फॉर्म

लता माझ्याहून दोन वर्षांनी लहान. दहावीनंतर तिची शाळा थांबली. ती आईसोबत लोकांच्या शेतात धानाच्या रोवणीला गेली म्हणून मी कॉलेजला जाऊ शकलो. आमच्या घरात पदवीचं पहिलं सर्टिफिकेट आलं ते चिखलात उभ्या असलेल्या तिच्या पायांवरून चालत आलं, असं मी मानतो. म्हणून पुढचं लिहायला मला लाज वाटते.

उन्हाळ्यापर्यंत घर थकलं होतं. गौरी तनूशी बोलत नव्हती. वंदना रोज गादी झाडत होती. आई एक दिवस म्हणाली, "बाबू, वसतिगृहात टाकून पाहू का? तठी तिच्यासारख्या पोरी राहतेत. आपल्याच्यानं होऊन नाही राहिलं."

मी केंद्रावर गेलो आणि वसतिगृहाचा फॉर्म भरला. दिवसाला पन्नास फॉर्म भरणाऱ्या माणसाचा हात तो भरताना अडला नाही, ही त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट. कागद घरी आणला आणि टेबलावर ठेवला. तनूला स्वतःचं नाव वाचता येतं हे मी विसरलो.

सकाळी दात घासायला बाहेर आलो तर ती दाराच्या पायरीवर बसली होती. वेणी घातलेली, चप्पल घातलेली, मांडीवर गाठ मारलेली पिशवी.

"मामा, गाडी कवा आहे?"

रडणं नाही, रुसणं नाही. एसटीच्या कंट्रोलरला विचारतात तसं विचारलं.

मी तिथेच बसलो. म्हणालो, तू कुठेही जाणार नाहीस. तिने मान हलवली. मी तिच्यासमोर कागद फाडला. तिने पुन्हा मान हलवली. दुपारपर्यंत ती पायरीवरून उठली नाही. शब्द तिने फार ऐकले होते, चार घरांतल्या चार तऱ्हांचे.

त्या दिवशी माझ्या एका जुन्या सरांना फोन केला. मला शिकवणारा माणूस. कठीण वेळी अजूनही त्यांनाच विचारतो. ते म्हणाले, "पोरगी वाईट नाही, दुखावलेली आहे. गोंदियाला दाखव. उद्याच."

निदान

आधी कान तपासले, कारण हाक मारली तर ती बघायची नाही. कान ठीक निघाले. मग डोळे, रक्त. सगळं ठीक. शेवटी सरकारी दवाखान्यात लहान मुलांच्या समुपदेशनाच्या खोलीत आम्हाला पाठवलं. फरशीवर सतरंजी, कोपऱ्यात ठोकळे आणि भातुकली. समुपदेशक मॅडम गोंदियाच्याच, अर्धं हिंदी अर्धं मराठी बोलणाऱ्या. त्यांनी तनूला काहीच विचारलं नाही. तिच्याशेजारी बसून स्वतःच ठोकळे रचत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "भैया, घरचा एक दिवस सांगा. सुबह से."

मी सांगू लागलो. खरं तर थोडा अभिमानानेच. तिला आम्ही काही कमी केलं नाही मॅडम. तिला आधी वाढतो. वेगळी थाळी आहे, काशाची. कामाला हात लावू देत नाही. एक शब्द बोलत नाही. तिने काही फोडलं तरी नाही.

"अच्छा. और घर में मेहमान आते हैं, तब?"

"पाहुण्यांना आधी वाढतो," मी म्हणालो. "काशाची थाळी काढतो. कामाला हात..."



मॅडम हसल्या नाहीत. हळू आवाजात म्हणाल्या, "मेहमान को पता रहता है ना भैया, कि जाना है."

मग त्यांनी नीट समजावलं. कागदावर जे लिहिलं त्यात ट्रॉमा आणि अटॅचमेंट हे शब्द होते. अर्थ मला समजला तो असा. अगदी लहान मूल रडतं, कुणीतरी येतं, उचलतं. असं हजारदा झालं की त्याच्या मनात बसतं की माझं कुणीतरी आहे. तनूच्या बाबतीत ते बसता बसता पुन्हा पुन्हा उपटलं गेलं. म्हणून ती भाजलेला हात दाखवत नाही, कारण दाखवून कुणी येतं हे तिला माहीत नाही. म्हणून अन्न लपवते. म्हणून कुणाचंही बोट धरते, कारण तिच्या हिशोबी सगळेच तात्पुरते. आणि वस्तू फोडून उभी राहते, कारण हाकलणारच असाल तर कधी हाकलता ते तिला आजच कळायला हवं आहे.

"ठीक होईल का?" मी विचारलं.

"होईल. गोळीने नाही होणार. रोज रोज तेच करून होईल. कंटाळा येईपर्यंत तेच."

परतीच्या बसमध्ये तनू खिडकीशी बसली. गोरेगावला मी आलूबोंडे घेतले. तिने एक खाल्ला आणि एक गाठ न सोडता पिशवीच्या फटीतून आत सरकवला. पहिल्यांदाच मला त्याचा राग आला नाही.

थाळी बदलली

मॅडमनी सांगितलेलं ऐकायला सोपं होतं. तिला एक साधी थाळी द्या, तुमच्या थाळ्यांसारखी. तिची एक जागा ठेवा. एक काम द्या. चुकली तर नाही म्हणा आणि म्हणून झाल्यावर जवळच बसून राहा. बाहेर जाताना डोळा चुकवून जाऊ नका. सांगून जा, सांगितलेल्या वेळी या. खाण्याचा एक डबा तिच्या हाताशी ठेवा, तो कधी रिकामा होऊ देऊ नका. आणि पाया पडायचं असेल तर आधी विचारा.

सगळ्यात कठीण गेलं ते आईला. आम्ही तनूला जेवणाच्या वेळी पाच थाळ्या मांडायचं काम दिलं, तेव्हा आई उठून बाहेर गेली.

"भाशीच्या हातानं ताटं मांडवता? मेल्यावर काय तोंड दाखवाल लताले?"

"माय, ती पाहुनी नाही. घरची आहे."

"घरची असली म्हनून भाशी नाही का?"

दोन दिवस आई तनूने मांडलेल्या थाळीत जेवली नाही. तिसऱ्या दिवशी मी दुपारी घरी आलो तर ओसरीवर आई सूप घेऊन बसलेली आणि तिच्यासमोर तनू तांदूळ निवडते आहे. मी बघतच राहिलो. आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "हे काही काम नोहे. खेळून राहिलो आमी." तेव्हापासून आईचा तो खेळ रोज दुपारी चालू आहे.

गावाने बोलायचं ते बोलून घेतलं. हातपंपावर एक बाई वंदनाला म्हणाली, "फुकटची मोलकरीन भेटली म्हनते तुमाले."

"हो जी, भेटली," वंदना म्हणाली. "तुमच्या घरी तं दोन आहेत. त्याईले काय देता?"

त्या बाईच्या दोन्ही पोरी मागे पाण्याचे गुंड भरून उभ्या होत्या. दोघी फिसकन हसल्या. घरी येऊन मात्र वंदना चुलीपुढे बसून रडली. मामी म्हणून तिच्या वाट्याला आलेली बोलणी माझ्या वाट्याला कधी आली नाहीत, हे इथे लिहून ठेवतो.

साडेसहाची बस

सुरुवातीला आम्ही दर गुरुवारी गोंदियाला जात होतो. केस पेपर, बाकडं, मग सतरंजी. एक तास खेळ, पंधरा मिनिटं माझी शाळा. घरी काही फरक दिसत नव्हता. डबा भरलेला असूनही खोळीत भात सापडे. पावसाळा अर्धा गेला.

मग एका दिवशी मी एकटाच कामासाठी गोंदियाला गेलो. तनूला सांगून गेलो, पाचला येतो. कोहमाऱ्याच्या अलीकडे बस बंद पडली. मी वंदनाला फोन करून निरोप दिला. घरी पोचलो तेव्हा साडेसहा झाले होते. तनू पायरीवर उभी होती. मी जवळ येताच तिने पायातली चप्पल काढली आणि मला फेकून मारली. मग दुसरी.

"खोटा आहेस तू! पाच म्हनला होता! पाच म्हनला होता!"

ती मुठींनी माझ्या पोटावर मारत होती आणि रडत होती. आठ-नऊ महिन्यांत तिचं रडणं मी पहिल्यांदा ऐकलं. आई कपाळाला हात लावून उभी. मी खाली बसलो आणि म्हणालो, हो, चुकलं. उशीर झाला. पण आलो ना. ती थकेपर्यंत मारत राहिली, मग माझ्या खांद्यावर डोकं टाकून हुंदके देत राहिली. पाय लाकडासारखे नव्हते.

गुरुवारी मी मॅडमना भीत भीत सांगितलं. त्या खुर्चीतून उठल्याच. "चप्पल मारली? तुम्हाला? अरे वा, बहुत अच्छा! भैया, कोई ट्रकवाले पर गुस्सा करता है क्या?"

चपला खाऊन पेढे वाटावेसे वाटले, असा तो एकच दिवस.

लहान लहान गोष्टी

पुढचं हळूहळू झालं, आणि मागेपुढे होत झालं. चार दिवस बरे जायचे, पाचव्या दिवशी गौरीची वही फाटायची. फरक एवढाच की आता तनूला ती चिकटवून द्यावी लागायची आणि गौरी शेजारी बसून "वाकडी चिकटवली" म्हणून सूचना द्यायची. त्या सूचना देता देताच गौरी तिच्याशी बोलू लागली.

मी रोज सकाळी विचारायचो, "पाया पडू का?" ती "नाही" म्हणायची. मी "बरं" म्हणून केंद्रावर जायचो. किती महिने गेले मोजले नाहीत. एक दिवस ती वेणी घालता घालता म्हणाली, "पड. पन लवकर, मले शाळेत जायाचं आहे."

पिशवीचंही असंच झालं. बाजाराच्या दिवशी वंदनाची पिशवी फाटली. तनू आत गेली, गाठ सोडली, आतला एक फ्रॉक, एक फणी आणि वाळून कडक झालेला आलूबोंडा काढून ठेवला आणि पिशवी मामीपुढे धरली. "आनून देजो परत," तेवढं म्हणाली. वंदनाने बाजारातून आल्यावर पहिल्यांदा ती परत दिली. तनूने ती स्वतःच खुंटीला लावली.

सगळं बरं झालं असं मी म्हणणार नाही. अजून कधी दप्तरात बिस्किटं सापडतात. अनोळखी आवाज चढला की ती गप्प होते. मॅडमकडे आता महिन्यातून एकदा जातो. पण ती होईल बरी. हे मी आशेने म्हणत नाही, रोज बघतो म्हणून म्हणतो.

पाहुणे

मागच्या महिन्यात, धान कापणी चालू असताना, तिचे वडील आले. वर्षभराने. मोटरसायकलचा आवाज ऐकून वंदनाच्या हातातलं काम थांबलं. मी त्यांना बसवलं. त्यांनी तनूसाठी नवीन फ्रॉक आणला होता, दोन मापांनी लहान. माणूस वाईट नाही. त्याला काय करावं ते कळलं नव्हतं एवढंच.

"चालते का माह्यासंगं?" त्यांनी तिला विचारलं. "घर बांधलं आता."

तनू आत गेली. आई माझ्याकडे बघू लागली. आत खुंटी आहे, खुंटीला पिशवी आहे. मॅडमनी सांगितलं होतं, तिच्या वतीने उत्तर देऊ नका. मी दिलं नाही. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात लांब दोन मिनिटं असतील.

ती बाहेर आली ती थाळ्या घेऊन. जेवायची वेळ झाली होती आणि थाळ्या मांडणं तिचं काम. आईची मांडली, माझी, वंदनाची, गौरीची. गौरीच्या आणि माझ्या मधे स्वतःची, काठाला पोचा आलेली. मग फळीवरून काशाची थाळी काढली, पदराने पुसावी तशी फ्रॉकने पुसली आणि पाट टाकून वडिलांसमोर ठेवली.

"बस बाबा," ती म्हणाली. "तुले आधी वाढते मामी."

ते जेवले. मधेच त्यांनी पुन्हा विचारलं, "मंग? चालते का?"

"शाळा आहे," तनू म्हणाली. "सुट्टीत येईन दोन दिवस. मामा सोडून देईल अन् घ्याले येईल." आणि लगेच गौरीकडे वळली, "आज ताटं उचलाची पाळी तुही आहे."

"काऊन? काल मीच उचलली!"

"काल आजीनं उचलली. लबाड!"

"लबाड कोनाले म्हनते, थांब..."

"घ्या," आई म्हणाली, "सुरू झाल्या दोघी." तिच्या आवाजात असं समाधान मी लताच्या लग्नानंतर ऐकलं नव्हतं.

वडील निघाले तेव्हा तनू दारापर्यंत गेली, हात हलवला, आणि मोटरसायकल वळणावर दिसेनाशी होण्याआधीच आत पळाली, कारण गौरी तिच्या वाटणीच्या गुळाला हात लावत होती.

ताटं शेवटी दोघींनीही उचलली नाहीत. मी उचलली. काशाची थाळी घासली, कोरडी केली आणि वर फळीवर ठेवून दिली. कुणी पाहुणा आला की काढायला.